पाणबुडी आतच राहिली की! : आयझॅक असिमॉव्ह आणि त्याची कल्पनेतली वैद्यकीय यंत्रं

१९६६ साली हॉलिवूडचा एक सिनेमा आला होता, 'फॅन्टास्टिक व्हॉयेज'. एका शास्त्रज्ञाच्या मेंदूत रक्ताची गुठळी झालीय आणि बाहेरून ऑपरेशन करणं शक्य नाही. मग डॉक्टरांची टीम एका पाणबुडीत बसते, ती पाणबुडी माणसांसकट जंतूएवढी लहान केली जाते आणि इंजेक्शनच्या सुईतून थेट पेशंटच्या रक्तात सोडली जाते. आतून लेझरने गुठळी फोडायची. वेळ फक्त साठ मिनिटं, कारण त्यानंतर सगळं आपोआप पुन्हा मोठं व्हायला लागणार. शेवटी शरीरातली एक पांढरी पेशी पाणबुडीला गिळून टाकते, माणसं कशीबशी पोहत डोळ्यापर्यंत येतात आणि अश्रूच्या थेंबातून बाहेर पडतात. पेशंट वाचतो. सिनेमा संपतो.

या सिनेमाच्या पटकथेवरून कादंबरी लिहून द्यायचं काम आयझॅक असिमॉव्हकडे आलं होतं. पटकथा वाचून तो एकाच ठिकाणी अडकला. माणसं बाहेर आली हे ठीक, पण पाणबुडीचं काय? पेशीने ती गिळली म्हणजे ती नाहीशी झाली असं नाही. तिचा चुरा झाला तरी तिचं सगळं लोखंड आतच आहे. साठ मिनिटं संपली की तो चुरा मोठा होणार आणि वाचवलेला पेशंट आतून फाटून मरणार. निर्मात्यांना यात काही अडचण वाटत नव्हती. पुढे सिनेमा बघताना असिमॉव्हच्या अकरा वर्षांच्या मुलीने, रॉबिनने, अगदी हाच प्रश्न बापाला विचारला. अकरा वर्षांच्या पोरीला दिसलं ते एवढ्या मोठ्या स्टुडिओला दिसू नये, याचं त्याला बरेच दिवस हसू येत राहिलं.

कादंबरीत त्याने शेवट बदलून घेतला. त्याच्या पुस्तकात टीम त्या पांढऱ्या पेशीला मुद्दाम आपल्या मागे ओढत डोळ्यापर्यंत आणते आणि पाणबुडीचे अवशेष पोटात असलेली ती पेशीच शरीराबाहेर काढते. हवेचं गणितही त्याने सुधारलं. जंतूएवढ्या माणसाच्या फुफ्फुसात नेहमीच्या आकाराचे हवेचे रेणू मावणार कसे? म्हणून बाहेरची हवा आत घेताना ती लहान करून घ्यायची सोय त्याने पाणबुडीत करून ठेवली. गंमत म्हणजे सिनेमा रखडला आणि पुस्तक आधी बाजारात आलं. त्यामुळे पुस्तकावरून सिनेमा काढला आणि कथेतली भोकं असिमॉव्हचीच, असं आजही कित्येकांना वाटतं.

काल्पनिक वैद्यकीय यंत्रं म्हटलं की आपल्याला पटकन 'स्टार ट्रेक'मधला ट्रायकॉर्डर आठवतो. पेशंटवरून फिरवला की रोग सांगणारा डबा. बघायला झकास, पण तो आत नेमकं काय मोजतो, चुकला तर काय होतं, पेशंटला काही विचारतात का, हे सहसा कोणी सांगत नाही. असिमॉव्हची यंत्रं वेगळी वाटतात ती इथे. ती कशावर काम करतात, काय मागतात आणि काम झाल्यावर शरीरात काय मागे ठेवतात, हे तो विचारत राहतो. हा माणूस डॉक्टर का झाला नाही आणि शेवटी कशाने गेला, हे कळलं की त्याच्या या सवयीकडे आपण जरा वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

मेडिकलला प्रवेश नाही

असिमॉव्हचा जन्म रशियातल्या पेत्रोविची नावाच्या गावातला. तारीख कुणालाच नक्की माहीत नव्हती; तो स्वतः २ जानेवारी १९२० धरायचा. तान्हा असताना गावात न्यूमोनियाची साथ आली. सतरा मुलं आजारी पडली आणि त्यातला हा एकटा जगला, असं त्याने आईकडून ऐकलेलं. १९२३ मध्ये कुटुंब अमेरिकेला, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आलं. वडिलांनी एक छोटं दुकान घेतलं. गोळ्या-चॉकलेटं, सिगारेटी, वर्तमानपत्रं, मासिकं असं सगळं तिथं मिळायचं. सकाळी सहाला उघडायचं ते रात्री एकपर्यंत. शाळेतून आलं की आयझॅक गल्ल्यावर. दुकानातली भडक मासिकं वाचायला वडिलांची बंदी होती, पण एका मासिकाच्या नावात सायन्स हा शब्द होता, म्हणजे अभ्यासाचंच असणार, असं म्हणून ते त्यांनी वाचू दिलं. सायन्स फिक्शनची दुनिया या एका गैरसमजाची ऋणी आहे.

ज्यू स्थलांतरित घरातलं हुशार पोरगं म्हणजे ते डॉक्टर होणार, हे ठरलेलंच. आपल्याकडे यात काही वेगळं आहे अशातला भाग नाही. पण कॉलेजात प्राणिशास्त्र घेतल्यावर एक प्रसंग घडला. विच्छेदनासाठी एक भटकी मांजर पकडून आणायची आणि तिला क्लोरोफॉर्म देऊन मारायचं, असं काम होतं. त्याने ते केलं आणि जन्मभर त्यासाठी स्वतःला माफ केलं नाही. त्यानंतर तो रसायनशास्त्राकडे वळला. तरीही घरच्यांच्या इच्छेसाठी त्याने मेडिकल कॉलेजांचे फॉर्म भरले. सगळीकडून नकार आला. ज्यू विद्यार्थी किती घ्यायचे याचा त्या काळी अघोषित कोटा असायचा, आणि मुलाखतीत छाप पाडण्यातही हा मुलगा कच्चा होता.

मग कोलंबिया विद्यापीठातून १९४८ मध्ये बायोकेमिस्ट्रीत डॉक्टरेट. मधली युद्धाची वर्षं फिलाडेल्फियाच्या नौदल गोदीत, तिथल्या प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून गेली. आणि १९४९ मध्ये ज्या व्यवसायाने दार लावून घेतलं होतं त्याच्याच घरात तो मागच्या दाराने शिरला: बोस्टन विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये शिक्षक म्हणून. विल्यम बॉइड या तिथल्या प्राध्यापकाला त्याच्या कथा आवडायच्या, त्याच्या ओळखीने हे जमलं. बॉइड हा रक्तगटांच्या अभ्यासातला मोठा माणूस. दोघांनी आणखी एका सहकाऱ्यासोबत बायोकेमिस्ट्रीचं पाठ्यपुस्तक लिहिलं, ते १९५२ मध्ये आलं. म्हणजे भावी डॉक्टरांना शरीर आतून कसं चालतं हे शिकवणारा माणूस रात्री घरी जाऊन रोबॉटच्या गोष्टी लिहायचा.

रोबॉटवरून आठवलं. रोबॉट हा शब्द चेक भाषेतला, तो असिमॉव्हचा नाही. पण रोबॉटिक्स हा शब्द त्याचा, १९४१ च्या 'लायर!' या कथेतला. आपण नवीन शब्द तयार केलाय हे त्याला तेव्हा कळलंही नव्हतं. आज हॉस्पिटलच्या जाहिरातींवर रोबॉटिक सर्जरी लिहिलेलं दिसतं तेव्हा त्यामागे ब्रुकलिनच्या दुकानातला हा मुलगा आहे.

सिनॅप्सिफायर: परवानगी कुणी दिली?

त्याची पहिली कादंबरी 'पेबल इन द स्काय' १९५० ची. शिकागोतला जोसेफ श्वार्ट्झ हा निवृत्त शिंपी एका अपघाताने हजारो वर्षं पुढच्या पृथ्वीवर जाऊन पडतो. तिथली भाषा त्याला येत नाही. आणि तिथे शेक्ट नावाच्या शास्त्रज्ञाने सिनॅप्सिफायर हे यंत्र बनवलेलं असतं.

आता यंत्र काय करतं बघा. मेंदूतल्या दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, त्यांच्यात बारीक फट असते. तिला सिनॅप्स म्हणतात. संदेश एका पेशीकडून दुसरीकडे जाताना ही फट ओलांडावी लागते. असिमॉव्हचं यंत्र त्या ठिकाणचा अडथळा कमी करतं, म्हणजे संदेश झटपट जातात आणि माणूस भराभर शिकतो. सिनॅप्सचं विज्ञान खरं. अडथळा असा सरसकट कमी करता येतो ही कल्पना. थापेचा जोड नेमका कुठे आहे ते शोधावं लागतं, इतकं ते काम सफाईदार आहे.

पण मला या कादंबरीत जास्त महत्त्वाचं वाटतं ते यंत्राभोवतीचं जग. शेक्टचे आधीचे प्रयोग माणसांच्या जिवावर बेतलेले आहेत, त्यामुळे स्वेच्छेने कुणी पुढे येत नाही. आणि या पृथ्वीवर कायदा असा की साठी झाली की माणसाला मारून टाकायचं, कारण खायला पुरत नाही. एका शेतकऱ्याच्या घरात म्हातारे सासरे लपवलेले आहेत. हा अनोळखी, वेड्यासारखा बोलणारा माणूस घरात राहिला तर चौकशी होईल आणि म्हातारा सापडेल, या भीतीने ते श्वार्ट्झला प्रयोगासाठी नेऊन सोडतात. श्वार्ट्झला एक शब्द कळत नाही. त्याला कुणी विचारत नाही, विचारलं तरी तो उत्तर देऊ शकत नाही. ज्या यंत्राने त्याला भाषा येते, त्या यंत्राला नाही म्हणण्यासाठी लागणारी भाषा त्याला यंत्रात बसण्याआधी नव्हती. क्लिनिकल ट्रायलमधला संमतीचा प्रश्न इतक्या साध्या रचनेत मांडलेला मी तरी दुसरीकडे वाचलेला नाही.

इथे एक गोष्ट न सांगता पुढे जाणं बरोबर नाही. सायन्स फिक्शनच्या संमेलनांत बायकांना नको असताना हात लावणं ही असिमॉव्हची उघड सवय होती. त्या काळी लोक हसून सोडून द्यायचे, बायकांना ते सोसावं लागायचं. संमतीवर असं लिहिणाऱ्या माणसाने ती प्रत्यक्षात मागितली नाही, हेही त्याच्या चरित्रात येतंच.

धातूचं हृदय की प्लास्टिकचं?

१९५८ नंतर त्याने शिकवणं सोडलं आणि पूर्ण वेळ लिहायला लागला. प्राध्यापकपद मात्र नावापुढे ठेवलं. मानवी शरीर, मेंदू, रक्ताभिसरण यांवर त्याने सामान्य वाचकांसाठी एकेक पुस्तक लिहिलं. रक्तावरच्या पुस्तकाचं नाव 'द लिव्हिंग रिव्हर', वाहती जिवंत नदी. हे नाव लक्षात ठेवा.

१९६७ मध्ये एका औषध कंपनीच्या, डॉक्टरांसाठी निघणाऱ्या मासिकात त्याची 'सेग्रिगेशनिस्ट' ही छोटी कथा आली. एका बड्या माणसाला कृत्रिम हृदय बसवायचंय. पर्याय दोन: टायटॅनियमचं किंवा तंतूंसारख्या पॉलिमरचं. पेशंटला धातूचंच हवं, मजबूत म्हणून. सर्जन त्याला परोपरीने समजावतो की माणसाच्या शरीराला जवळचं ते घ्या. तो ऐकत नाही. सर्जनचं दुःख असं की माणसं धातूकडे चाललीत, रोबॉट मांसाकडे चाललेत, आणि उद्या दोन्ही धड राहणार नाहीत. मग शेवटच्या वाक्यांत सर्जन हात निर्जंतुक करतो. कसे, ते सांगत नाही. गोष्ट दोन-तीन पानांचीच आहे, वाचा.

योगायोग म्हणजे त्याच वर्षी, ३ डिसेंबर १९६७ ला, दक्षिण आफ्रिकेत ख्रिस्तियान बर्नार्डने माणसात माणसाचं हृदय पहिल्यांदा बसवलं. आणि कथेतला वाद आजही कार्डिअॅक सर्जनच्या केबिनमध्ये चालतो, फक्त हृदयाऐवजी झडपेवरून. मेकॅनिकल व्हॉल्व्ह टिकतो जास्त, पण रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. प्राण्याच्या ऊतीपासून केलेला व्हॉल्व्ह शरीराला सोसतो, पण काही वर्षांनी झिजतो. घरातल्या कुणाचा व्हॉल्व्ह बदलला असेल तर हा संवाद तुम्ही ऐकला असेल.

१९७६ च्या 'द बायसेन्टेनियल मॅन'मध्ये त्याने प्रश्न उलटा केला. अँड्र्यू नावाचा रोबॉट स्वतःसाठी माणसासारखे अवयव तयार करतो. तेच अवयव पुढे माणसांना बसवता येतात आणि त्यांचं आयुष्य वाढतं. म्हणजे माणसाच्या शरीरात यंत्र आणि यंत्राच्या शरीरात माणूस, दोन्हीकडून एकाच वेळी. तरी त्याला कुणी माणूस मानत नाही. शेवटी तो आपला मेंदूच असा बदलून घेतो की तो हळूहळू मरेल. आणि ते ऑपरेशन रोबॉट सर्जनकडून करून घ्यायचं तर त्याचे नियम आडवे येतात: इजा करायची नाही. समोरचा माणूस आहे की यंत्र, यावर सर्जनने हात उचलायचा की नाही ते ठरतं. या कथेला ह्यूगो आणि नेब्युला दोन्ही पुरस्कार मिळाले.

डिसेंबर १९८३

कथा लिहिताना त्याचं स्वतःचं शरीरही कुरकुरत होतं. १९७२ मध्ये थायरॉइडचं ऑपरेशन झालं. १९७७ मध्ये हार्ट अॅटॅक आला. १९८३ पर्यंत चार पावलं चाललं तरी छातीत दुखायला लागलं होतं आणि डिसेंबरमध्ये ट्रिपल बायपास करायचं ठरलं.

बायपासमध्ये हृदय थांबवतात आणि हार्ट-लंग मशीन तेवढा वेळ रक्त फिरवतं, त्यात ऑक्सिजन मिसळतं. असिमॉव्हला भीती हृदयाची नव्हतीच. ऑक्सिजन कमी पडून आपला मेंदू मंद झाला तर, ही होती. त्याने डॉक्टरांकडून तसं वचनच घेतलं होतं. शुद्धीवर आल्यावर मेंदू शाबूत आहे का हे बघायला डॉक्टरांनी एक विनोदी कविता करायला सांगितली, त्याने डॉक्टरांच्याच नावावर लगेच करून दाखवली. यंत्राने काम चोख केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याला सणसणून ताप आला. मोठ्या ऑपरेशननंतर ताप येतोच, म्हणून त्याचा कुणी फार विचार केला नाही.

एड्सच्या मागचा विषाणू पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी त्याच वर्षी मे महिन्यात जगासमोर मांडला होता. पण दान केलेलं रक्त तपासायची टेस्ट अमेरिकेत मार्च १९८५ मध्ये मंजूर झाली. असिमॉव्हला रक्त चढवलं गेलं ते या दोन तारखांच्या मधल्या काळात. छाती उघडून हृदय थांबवणारं आणि पुन्हा चालू करणारं तंत्रज्ञान तयार होतं. पिशवीतल्या रक्तात काय आहे हे सांगणारी तुलनेने कितीतरी साधी टेस्ट नव्हती. आज आपल्याकडे रक्तपेढीतून येणाऱ्या पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी झालेली असते. लेबलवर ते लिहिलेलंही असतं. पुढच्या वेळी वाचून बघा.

त्याची दुसरी बायको जॅनेट ही स्वतः डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ. पुढच्या काही वर्षांत नवऱ्याची लक्षणं बघून तिने एड्सबद्दल वाचायला सुरुवात केली आणि टेस्ट करू या असं त्याच्या डॉक्टरांना सुचवलं. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं. टेस्ट झाली ती थेट १९९० मध्ये, हृदयाच्या आणखी एका ऑपरेशनच्या तयारीत. पॉझिटिव्ह आली. ऑपरेशन रद्द झालं.

असिमॉव्हला हे जाहीर करायचं होतं. डॉक्टरांनी नको म्हटलं. त्या काळी एड्स म्हटलं की लोक घरच्यांनाही वाळीत टाकायचे, जॅनेट आणि मुलीकडेही तसंच बघतील, अशी भीती त्यांनी घातली. त्यामुळे पाचशेच्या आसपास पुस्तकांत जगातल्या जवळजवळ प्रत्येक विषयावर मोकळेपणाने लिहिणारा हा माणूस शेवटची दोन वर्षं या एका विषयावर गप्प राहिला. आत्मचरित्राचा शेवटचा भाग त्याने याच काळात लिहिला, आणि त्यातही हे नाही.

६ एप्रिल १९९२ ला तो न्यूयॉर्कमध्ये गेला. बातम्यांत कारण आलं हृदय आणि मूत्रपिंडं निकामी झाल्याचं. दोनच दिवसांनी, ८ एप्रिलला, टेनिसपटू आर्थर अॅशने पत्रकार परिषद घेऊन आपल्याला एड्स असल्याचं जगाला सांगितलं. त्यालाही तो १९८३ मधल्याच हृदयाच्या ऑपरेशननंतर चढवलेल्या रक्तातून झाला असावा, असं मानलं जात होतं. असिमॉव्हच्या घरच्यांनी ती पत्रकार परिषद कोणत्या मनाने पाहिली असेल, कोण जाणे. डॉक्टरांचा सल्ला तेव्हाही तोच होता.

आणखी दहा वर्षं गेली. उपचार करणारे बहुतेक डॉक्टरही तोवर हयात नव्हते. २००२ मध्ये जॅनेटने असिमॉव्हच्या आत्मचरित्रांचा एक संक्षिप्त खंड तयार केला आणि त्याच्या शेवटी खरं कारण लिहून टाकलं. तिने ते एकटीने ठरवलं नव्हतं. सोबत रॉबिन होती, पाणबुडी आतच राहिली की, असं अकराव्या वर्षी बापाला विचारणारी.